दिगंबरकाकांच्या रानातली वहिवाट

मिशिगनच्या उत्तरेला दोन तळ्यांच्या मधे मेपल आणि हेमलॉकचं दाट रान आहे. त्या रानातून एक वाट जाते. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक होड्या खांद्यावर घेऊन, तांबं, कातडी, मका पाठीशी बांधून या तळ्यावरून त्या तळ्यावर जायचे. किती पिढ्या गेल्या, कुणी मोजलं नाही. जमीनच पावलांखाली दबत गेली आणि तिला उथळ पन्हळीचा आकार आला.

प्रितम इंगोले वाशीमकडचा, जमीन मोजणारा. ॲन आर्बरला शिकला, बरीच वर्षं नोकरी केली आणि आता स्वतःचं काम थाटलं. पहिलं मोठं काम तिथल्या मराठी मंडळातल्या दिगंबरकाकांनी दिलं. निवृत्तीनंतर घर बांधायला त्यांनी ते रान घेतलं होतं. मंडळातल्या आणखी काहींची मोजणी तुलाच मिळवून देतो, असंही ते म्हणाले होते.

गाडीच्या बॉनेटवर कच्चा नकाशा पसरला होता.

"ही तुटक रेघ तेवढी काढून टाक," काका म्हणाले.

"वाट आहे ती, काका. लोक अजून जातात. तळ्यात आपोआप उगवतो तो रानभात काढायला."

"वर्षाकाठी चार माणसं. अरे, त्याला काय वाट म्हणायचं? घर नेमकं तिथंच येतंय. सगळं प्लॅनिंग कॅन्सल होईल माझं."

प्रितमनं रेघेवर बोट ठेवलं. गावाकडं त्याच्या वस्तीची स्मशानाकडं जाणारी वाट एका शेतातून होती. आजोबांची तिरडी बांधावर अडवली, तेव्हा शेतमालकानं एवढंच म्हटलं होतं, नकाशात दाखवा. नकाशात वाट नव्हती. माणसं ओढ्याच्या पाण्यातून गेली. मोजणी शिकायची हे प्रितमनं त्या दिवशी, ओल्या धोतरांकडं बघत ठरवलं.

"तळं तरी बघून येऊ," तो म्हणाला. "तुम्ही पुढं व्हा."

काकांचा गुडघा दुखरा. तरी चढ टाळत, चिखल चुकवत, एकदाही न ठेचकाळता ते पाण्याशी पोचले.

"इकडूनच का आलात, काका?"

"का म्हणजे? पायाला सोपं पडलं."

"त्यांनाही तसंच पडलं असणार."

काकांनी मागं पाहिलं. पायाखालची पन्हळ वळत वळत झाडांत शिरत होती.

"शहाणा आहेस," मग ते म्हणाले. "पण मंडळात तुझं नाव सांगेन, असं समजू नकोस."

"नका सांगू."

गाडीशी आल्यावर प्रितमनं रेघ होती तशी ठेवली. काका चष्मा लावून नकाशावर वाकले आणि घर कुठं सरकवता येईल, ते बोटानं चाचपू लागले.