लक्ष्मीपूजनाला आलेली खुर्ची

मला बेसबॉल कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये इतकी वर्षं काढली, तरी बॅट न फिरवताच एखादा खेळाडू रमतगमत पुढच्या बेसवर का जातो आणि त्यावर लोक टाळ्या का वाजवतात, हे मला दर वेळी कुणीतरी नव्याने समजावून सांगतं. असं असूनही एका ऑक्टोबरात आमच्या ओहायोचा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकणार की नाही, हे माझ्या बसण्यावर अवलंबून आहे, असं काही शहाण्यासुरत्या माणसांनी ठरवलं. मी त्यांना ते ठरवू दिलं, कारण माझ्या नवऱ्याचं भवितव्य त्यांच्यातल्या एकाच्या हातात होतं.

माझा नवरा पुलांचा इंजिनियर. नागपुरात त्याच्या हाताखाली माणसं होती. इथे तो माझ्या व्हिसाच्या शेपटीला बांधून आला; मला काम करता येतं, त्याला नाही. कंपनीने माझ्या ग्रीन कार्डाचं काम सुरू केलं आणि पहिला मोठा टप्पा मंजूर झाला, की त्याला कामाची परवानगी मिळते. प्रत्यक्ष कार्ड यायला आम्हा भारतीयांचा जन्म जातो, ती गोष्ट वेगळी. पण ‘हिचं काम सुरू करा’ असं वर कळवायचं माझ्या बॉसने, आणि बॉस दोन वर्षं मला ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ म्हणत होता. तोवर नवरा घर सांभाळायचा, स्वयंपाक करायचा आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर परदेशातल्या पुलांचे व्हिडिओ बघायचा. तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडायचा नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

सिरीजचा पहिला सामना बघायला बॉसने आमच्या अख्ख्या टीमला घरी बोलावलं. सोफे भरले होते. एकच जागा मोकळी होती, बॉसच्या म्हाताऱ्या वडिलांशेजारची तपकिरी रिक्लायनर. खुर्चीच्या हातांवरचं कातडं फाटलेलं, आणि बसलं की माणूस आत रुतायचा. मी रुतले आणि आमच्या संघाने पहिल्याच डावात दोन धावा काढल्या. सगळे खेळावर भरभरून बोलत होते आणि मी मुकी. आपणही काहीतरी बोलावं म्हणून मी सांगितलं, की आमच्याकडे क्रिकेटची मॅच रंगात आली की कुणाला जागचं हलू देत नाहीत. माझ्या मामाने एका फायनलला मामीला स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं तसंच धरून, शेवटच्या चेंडूपर्यंत उभं ठेवलं होतं आणि भारत जिंकला होता. सगळे पोट धरून हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग तूही उठू नकोस.”

गंमत म्हणून उठले नाही. संघ दणक्यात जिंकला. दुसऱ्या सामन्याला मी गेले नाही आणि संघ हरला. झालं, एवढं पुरलं. तिसऱ्या सामन्याच्या दिवशी बॉस स्वतः माझ्या डेस्कपाशी आला. एरवी मला त्याची पाच मिनिटं हवी असली तर आठवडाभर त्याच्या कॅलेंडरमागे धावावं लागे. “खुर्ची वाट बघतेय,” तो म्हणाला. धनत्रयोदशी होती. घरी गेल्यावर दिवा लावला, नवऱ्याने केलेली खिचडी उभ्या उभ्या खाल्ली आणि निघाले.

“तुझं ग्रीन कार्डाचं विचारशील ना आज?” नवऱ्याने दारात विचारलं.

“मॅचमध्ये कसं विचारू यार? मूड बघून विचारते.”

मूड बघायला वेळच मिळाला नाही. त्या सामन्यात कुणाचीच धाव होईना आणि मला फक्त जाहिराती लागल्यावर उठायची मुभा होती. बाथरूमलासुद्धा मी जाहिराती बघून जात होते. त्या खुर्चीत अडकून मला आजोबांकडून वर्ल्ड सिरीजचा सगळा इतिहास ऐकावा लागला. एका सिरीजमध्ये खेळाडू पैसे खाऊन मुद्दाम हरले होते. एकदा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना भूकंप झाला. एका वर्षी खेळाडूंनी संप केला आणि सिरीज झालीच नाही. आमचा संघ शेवटचा जिंकला तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते; आता त्यांच्या हाताला कंप होता. मधल्या काळात एकदा आमचा संघ सगळ्यांत भारी ठरूनही ओळीने चार सामने हरला होता. एकदा तर सातव्या सामन्यात शेवटच्या डावापर्यंत पुढे राहून हरला. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला खरंच वाईट वाटलं. समोरचा शिकागोचा संघ त्याहून उपाशी होता, शंभराहून जास्त वर्षं; पण त्यांच्याबद्दल त्या घरात कुणाला दयामाया नव्हती.

तो सामना आम्ही एका धावेने जिंकलो. शनिवारी चौथाही जिंकलो, अर्थातच मी खुर्चीत असताना. सातांपैकी चार जिंकायचे असतात; आता तीन आमच्या खिशात होते आणि एकच हवा होता. तो सामना रविवारी होता आणि रविवारी लक्ष्मीपूजन.

या वेळी मी हिंमत करून सांगितलं की मला यायला जमणार नाही, घरी पूजा आहे आणि माणसं बोलावली आहेत. बॉस लगेच म्हणाला, “अर्थात! फॅमिली फर्स्ट.” मी सुटकेचा श्वास सोडला. नवऱ्याने दोन दिवस खपून चकल्या केल्या होत्या आणि मराठी मंडळातली चार घरं फराळाला यायची होती. वर्षभरात त्याच्या हातचं काही लोकांसमोर यायचं ते तेवढंच.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि दारावरची बेल वाजली. दारात बॉस आणि आजोबा उभे होते, मागे पिकअप ट्रक आणि ट्रकमध्ये दोरीने बांधलेली ती तपकिरी रिक्लायनर.

“तुला येता येत नाही ना,” बॉस हसत म्हणाला, “म्हणून आम्ही आलो.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने बूट काढले, पणत्या बघून “ब्यूटिफुल” म्हणाला, आणि माझ्या नवऱ्याने खुर्चीचं दुसरं टोक धरून ती आत आणली. टीव्हीसमोरचा आमचा सोफा भिंतीला लागला. एका मैत्रिणीची आई नाशिकहून आली होती, त्या काकूंना कुणीतरी सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांना तो लगेच पटला. “आज तरी रिकाम्या कपाळाने नको बाई,” म्हणत त्यांनी खुर्चीला हळदकुंकू लावलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पैठणी सावरत बसले. माझ्या घरात, माझ्या सणाला, मी पुन्हा तिथेच रुतले. हसत होते, पण आतून नुसती धुमसत होते.

दुसऱ्या डावात आमच्या संघाने होमरन मारून एक धाव काढली आणि घरात एकच जल्लोष झाला. ज्यांना बेसबॉलचा ब कळत नाही, तेही उड्या मारत होते. “अगं, तू हलू नकोस, मी ताट आणते,” असं म्हणत काकू मला हातात फराळ देऊ लागल्या. नंतर शिकागोने एका डावात तीन धावा काढल्या तेव्हा “तू वाकलीस का मघाशी?” असं मला चारजणांनी विचारलं. मग आमची एक झाली. दोन-तीन असा सामना अडकून राहिला, आणि सगळं घर माझ्यासकट श्वास रोखून बसलं.

शेवटच्या डावाच्या आधी नवरा आजोबांना चकली द्यायला आला. आजोबांनी विचारलं, “तू काय करतोस बाबा?”

“हे करतो,” नवरा चकलीकडे बोट दाखवून म्हणाला. सगळे हसले.

“तसं नाही. काम काय करतोस?”

“पूल बांधायचो. इथे परवानगी नाही.” आणि मग आजोबांनी खोदून विचारलं म्हणून त्याने साध्या शब्दांत सगळं सांगितलं. हिला ही नोकरी सोडता येते, पण सोडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात; दुसरं कुणी वेळेत घेतलं नाही तर घरी परत. तो हे एखाद्या परक्याची गोष्ट सांगावी तसं सांगत होता.

आजोबा चकली हातात धरून ऐकत राहिले. “आमच्या वेळी खेळाडूंचं असंच होतं,” ते म्हणाले. “मालकाने ठेवला तर राहायचं. खेळ सोडून घरी जायची मोकळीक, पण दुसऱ्या संघाकडे जायची नाही. किती चांगली पोरं एकाच हरणाऱ्या संघात म्हातारी झाली, सिरीजचं मैदानसुद्धा त्यांनी पाहिलं नाही. मी तिशी ओलांडली तेव्हा कुठे तो नियम मोडला.” मग ते मुलाकडे वळले. “तुला हे माहीत होतं?”

“हो डॅड,” बॉस टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. “तिचं काम प्रोसेसमध्ये आहे.”

माझ्या हातात ताट होतं. ते मी खाली ठेवलं.

“नाही,” मी म्हणाले. “प्रोसेसमध्ये नाही. अजून सुरूच केलेलं नाही.”

“आत्ता नको, प्लीज,” बॉस हळूच म्हणाला. “शेवटचा डाव आहे.”

मी उठले. जाहिराती चालू नव्हत्या. “अगं, अगं!” काकू ओरडल्या आणि कुणीतरी माझा पदर धरला. मला बॉसचा राग आला होता, पण स्वतःचा त्याहून जास्त आला होता. दोन वर्षं मी याच्यापुढे मूग गिळून बसले, याच्या विनोदांवर हसले, याच्या बापाच्या संघासाठी लघवी दाबून ठेवली, आणि हा माणूस माझ्या घरात बसून, माझ्या नवऱ्यादेखत बिनदिक्कत खोटं बोलत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभी राहिले. मग टीव्हीवर शिकागोतल्या लोकांचा जल्लोष ऐकू आला आणि आपण हरलो हे मला कळलं.

मला कुणी दोष दिला नाही. आजोबांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्यात असं करतात की नाही, ठाऊक नाही. नवऱ्याने आणि बॉसने मिळून खुर्ची ट्रकमध्ये चढवली. आजोबा पुढे जाऊन बसले. बॉस दोरी बांधत माझ्याशी बोलला, खाली बघत.

“खरं सांगू? मी आजवर ज्यांचं ज्यांचं काम करून दिलं, ते सगळे कंपनी सोडून गेले. चांगली माणसं होती. तुझं केलं तर तू राहशील?”

माझा नवरा ट्रकच्या पलीकडे उभा होता. त्याला ऐकू जात होतं. ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं, आणि बॉसला तेवढंच हवं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

त्याने गाठ मारली, ओढून बघितली आणि निघून गेला. आत आल्यावर नवरा पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. “हो म्हणायला काय झालं होतं तुला? एक शब्द!” त्याचं बरोबर होतं. आम्ही दोघांनी मिळून फराळाची ताटं घासली.

पुढचे दोन्ही सामने मला न बोलावता झाले, संघ दोन्ही हरला आणि सिरीजही गेली. त्या हिवाळ्यात, मी पुन्हा काही न विचारता, बॉसने माझं काम वर पाठवलं. का पाठवलं, हे तो कधी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. यथावकाश नवऱ्याला परवानगी मिळाली. आता तो पहाटे हेल्मेट घेऊन नदीवरच्या एका पुलाच्या कामाला जातो आणि उशिरा, दमून, चिखलाच्या बुटांनी घरी येतो. मी त्याच कंपनीत आहे. कार्डाची रांग हलत नाही, आणि दुसरीकडे जायचं म्हणजे बरंच काही पुन्हा पहिल्यापासून करायचं; मग मीच म्हणते, पुढच्या वर्षी बघू. बॉस अजून माझा बॉस आहे आणि आमचं बरं चाललंय. त्या संध्याकाळी मी त्याला तोंडावर खरं सांगितलं होतं, राहणार नाही म्हणून. तसं वागणं मात्र मला अजून जमलेलं नाही.