नोंदणी कार्यालयातला सत्यनारायण

आमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली व्हायचं होतं. माझं घर विदर्भातलं, बौद्ध. मी घरातला पहिला पदवीधर, पुण्यात नव्या संगणक कंपनीत लागलेला. ती सदाशिव पेठेतली. तिचे वडील पूजा झाल्याशिवाय चहाही न घेणारे. बऱ्याच महिन्यांनी ते साक्षीदार व्हायला तयार झाले होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ नाशिकहून येणार होते, आणि भावापुढे त्यांचं काही चालत नसे. लग्न व्हायचं तर आजच.

माझ्या आईसकट सगळे नोंदणी कार्यालयात पोचलो, तर दाराला केळीचे खांब! आत सत्यनारायण. साहेबांच्या टेबलाच्या जागी चौरंग आणि विवाह अधिकारी स्वतः सोवळं नेसून पूजेला बसलेले.

"उद्या या," कारकून म्हणाले.

"अहो, लग्नात देव-धर्म नको म्हणून तर आम्ही इथे आलो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"आज देवालाही इथलीच तारीख मिळालीय."

तेवढ्यात तिचे वडील चपला काढून आत गेले. चौरंगाला नमस्कार केला आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, सत्यनारायण माझ्याकडेही असतो. पण घरी. कचेरीच्या वेळेत आपण या मुलांचे."

अधिकारी ओशाळले. अध्याय संपताच उठले. गुरुजी म्हणाले, "आटपा मग लवकर. मला पुढे कात्रजला वास्तुशांत आहे."

सोवळ्यावरच शर्ट चढवून, व्हरांड्यात स्टुलावर बसून साहेबांनी आमच्याकडून शपथ वदवून घेतली. शाळेत नागरिकशास्त्र मी मन लावून शिकलो होतो, पण आपल्या लग्नात ते इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. "कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो" हे मी एवढ्या मोठ्यांदा म्हटलं, की आतली घंटा थांबली. सगळे हसले. तिच्या वडिलांनी सही केली आणि पेन बराच वेळ हातातच धरून ठेवलं.

मग ते आत जाऊन उरलेली कथा ऐकत बसले. बाहेर आले ते द्रोण घेऊनच. माझी आई दीक्षा घेतलेली, प्रसाद न खाणारी. मी घाबरलो.

आई म्हणाली, "इवाई, परसाद म्हनून नाही. शिरा म्हनून द्या."

"विहीणबाई, साजूक तुपातला आहे. कोणत्याही नावानं खा."

आईनं दोन द्रोण खाल्ले.