जुन्या तेलावर नवं तेल

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर उलटा करून बेळगावच्या मेकॅनिकनं आतलं थोडं तेल बाटलीत काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "अय्यो आप्पा, हे कुणा येड्याचं काम?"

मला त्यातलं काय कळतंय? चौथीत शाळा सोडली आणि निपाणीत तंबाखूच्या वखारीचा टेम्पो चालवत जलम गेला. टेम्पोला कुठला एसी? ही गाडी पोराची. आईला बेळगावला दवाखान्याला न्यायला म्हणून त्यानं आणून दारात लावली. कॉम्प्रेसर फिरला की गार वारं येतंय आणि त्याच्या पोटात वाटीभर तेल असतंय, एवढंच मला ठावं.

मागल्या उन्हाळ्याच्या तोंडाला गार वारं बंद पडलं. गॅस गळून गेलता. बायकोला उकाड्यात धाप लागायची, काचा उघड्या टाकून तवंदीचा घाट उतरायचा म्हणजे तिचा जीव घाबरायचा. बेळगावला जाऊन दुरुस्ती करायला सवड नव्हती, म्हणून गावातल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं अंगणातच कॉम्प्रेसर सोडवला. जुनं तेल वतून टाकायला म्हणून तो उलटा करायला लागला, तवर ही सोप्यात खुर्चीवर बसलेली वरडली.

"रिता करू नगं रं बाबा! तळाला थोडं राहू दे. त्यावर नवं वत."

"मावशी, ही लोणच्याची बरणी न्हवं."

"बरणी असू दे न्हाय तर मशीन. तेलाचं भांडं आमच्या घरात रितं करत न्हाईत. तुझ्या आईला इचार जा."

तो हसला. पण आजारी बाईचं मन कशाला मोडा म्हणून त्यानं निम्मं आत ठेवलं आणि जवळच्या डब्यातलं फ्रिजचं तेल वरनं वतलं. मीही गप बसलो. आमच्या घरात शेंगतेलाचा डबा कधी कुणी पालथा घातलेला मी बघितला नव्हता. नवा डबा आला की जुन्याच्या तळावरच वतायचा. त्यात वावगं काय, असं वाटलं.

गॅस भरला आणि गाडी गार पडली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आमच्या फेऱ्या चालू राहिल्या. थंडीत बायको गेली.

आता गाडी नेऊन मला कुठं जायचं हाय? तरी चालवत होतो. घरात बसवत न्हाय. परवा घाट चढताना एसीतनं आवाज यायला लागला, दाढंखाली खडा आल्यागत. तसाच सरळ बेळगावात, टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळच्या ह्या गॅरेजात आलतो.

फ्रिजवाल्यानं जुनं ठेवून वरनं तेल वतल्याचं मी सांगितलं. मेकॅनिकनं कॉम्प्रेसरवर चिकटवलेला कागद फडक्यानं पुसला, मोबाईलचा उजेड मारून वाचला. मग फळीवरचे डबे दाखवले. एक पातळ तेलाचा, दोन दाट तेलाचे, आणि एक बॅटरीवरच्या गाड्यांचा.

"तुमच्या गाडीला हे पातळ, सेहेचाळीस नंबरचं. दुसरं चालत न्हाय. तुमच्या त्या शहाण्यानं फ्रिजचं वतलंय. ह्यातल्या गॅसबरोबर ते फिरत न्हाय. आणि वर दोन्हीची भेसळ! जुनं सगळं काढायचं असतंय. ठेवा म्हणून सांगितलं तरी कुणी?"

"माझ्या बायकोनं," मी म्हणलं. "मेली ती."

मी टायरच्या ढिगावर बसलो. ती गेल्यापासून मी मनाला सांगत आलो होतो, तिला शेवटी शेवटी श्वास पुरला न्हाय, पण गाडीत तरी सुखानं नेली. आणि ज्या मशीनवर तिचा श्वास चालला, तेच तिनं आपल्या तोंडानं बिघडवून ठेवलं? भर उन्हात घाटात ते बंद पडलं असतं म्हणजे? डोळ्यापुढं ती तोंड उघडून हवा ओढताना दिसायला लागली.

"खरं सांग," मी म्हणलं. "तिच्या सांगण्यानं बिघडलं का?"

तो गाडीखाली गेला, नळ्या सोडवल्या, हवेचा पाइप लावून फुंकल्या आणि दुसरी एक बाटली घेऊन आला. दोन्ही बाटल्या माझ्यापुढं फरशीवर ठेवल्या.

"हे नळ्यात साठून बसलेलं. हे फ्रिजचं. गेलं ते तिथंच बसलं, माघारी आलंच न्हाय. आणि ह्या बाटलीतलं कॉम्प्रेसरमधलं बघा. बहुतेक जुनंच हाय, कंपनीचं. हेच फिरून फिरून माघारी येत होतं."

"म्हंजे?"

"म्हंजे त्यानं सगळं रितं करून नुसतं फ्रिजचं वतलं असतं, तर कॉम्प्रेसर कोरडा पडून कवाच जाम झाला असता. मावशींनी ठेवलं त्यावर चाललाय ह्यो."

मी उठून त्याच्या पुढ्यात उभा राहिलो. "माझं तोंड बघून बोलतोस व्हय रं? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?"

"मला काय पडलंय!" तो चिडला. "नखावर घेऊन बघा की. लोखंडाचा भुगा लागतोय का हाताला?"

मी बोट बुडवलं. दोन बोटांत चोळलं. काळपट होतं, पण गुळगुळीत. कचकच न्हाय. परत चोळलं.

तिला कॉम्प्रेसर म्हणताही येत नव्हतं. सासूनं शिकवलेलं ती बोलली आणि सगळा उन्हाळा त्या उरलेल्या निम्म्या वाटीवर गार वारं खात बेळगावला गेली. मला पत्ता न्हाय. तिलाही नव्हता.

"आता मात्र तळ ठेवायचा न्हाय," मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला. "भेसळ झालीया. थेंब न् थेंब काढून, सगळं धुऊन नवं भरायला लागंल. न्हाय तर कॉम्प्रेसर जाईल. काढू?"

तेलाचं भांडं रितं. तिच्या माघारी, माझ्या देखत. त्यानं हातातला नवा डबा अजून फोडला नव्हता. म्हणाला, उघडा ठेवला की हवेतली ओल वढतंय, म्हणून तुमचं ठरल्याशिवाय फोडत न्हाय.

"काढ," मी म्हणलं.

त्यानं कॉम्प्रेसर पालथा धरला आणि पुढची चकती हातानं फिरवली. धार आली, मग थेंब आले, मग काही न्हाय.

"झालं काय?" मी इचारलं.

"थोडं राहतंय आत."

"मग फिरव की अजून," मी म्हणलं आणि बाटली खाली धरली.