गवत कोण पेरतं?

आमच्या वाडीचे किस्से मी मुद्दाम जमवत नाही हो, तेच माझ्या मानगुटीवर बसतात! लोट्याला केमिकल कंपनीत अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केली, डोकं कधी तापलं नाही. रिटायर होऊन पालीजवळ गावी आलो, वाडीच्या दूध केंद्राचा सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच वर्षी बीपीची गोळी चालू!

प्रकरण साधं होतं. आमचा सडा म्हणजे कातळावरचं माळरान. त्यावर नुसती कुसळं. दिवाळीनंतर गुरं तोंड लावत नाहीत, दूध आटतं. टेम्पोवाल्यानं सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात एवढंच दूध असेल तर मी ही चढण चढणार नाही." टेम्पो बंद म्हणजे केंद्र बंद. काशीकाकीचं घर तर एका गाईवर चाललेलं. "केंद्र गेलं की मी गाय इकनार," असं तिनं मला दोनदा ऐकवलं होतं.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "नांगरू नका. आहे ते गवत गुरांकडून आखूड करून घ्या, जमीन वरवर खरवडा आणि त्यातच चांगल्या गवताचं बी टाका."

मला वाटलं, सोपं आहे.

* * *

मीटिंगमध्ये हे सांगितलं मात्र, वाडीतले सगळ्यात जुने शेतकरी गणूतात्या उठून उभे राहिले.

"सुध्या, भातातलं गवत उपटून, बेनून बेनून माजी कंबर गेली. आनि तू गवत पेरतोस?"

"तात्या, भातात नाही, सड्यावर!"

"आज सड्यावर. उद्या उतरंल खाली!"

ठराव मंजूर झाला, कारण तेवढ्यात चहा आला.

* * *

मे महिन्यात आमच्याकडे गुरं मोकाट असतात. माझ्या बायकोचं अळू त्यांनी दोनदा साफ केलं होतं. म्हटलं, चला, आता सड्यावर हाकू, तिथलं गवत आखूड होईल. तर आली मोजून तीन! त्यातली दोन बसून राहिली.

शेवटी आम्ही माणसांनीच कोयत्यानं गवत कापलं. जमीन खरवडली, बी टाकलं, तारेचं कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर अख्ख्या वाडीची गुरं कुंपणाला तोंड लावून उभी!

* * *

त्याच आठवड्यात सड्यावरून धूर. धावत गेलो. गणूतात्या काठीनं जाळ सारखा करत होते!

"तात्या, हे काय?"

"भाजावळ राहिली होती ना तुमची. म्हटलं, शिकलेली मानसं, इसरली असतील."

आता रोपासाठी जमीन भाजतात, ते मलाही माहीत आहे. पण कधी?

"अहो, बी टाकायच्या आधी भाजतात!"

"मग मी काय रोप आल्यावर भाजतोय?"

अर्धं बी जळालं होतं. मी तिथेच मटकन खाली बसलो आणि लगेच उठलो. जमीन गरम होती.

* * *

उरलेल्या अर्ध्यासाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. गुरव मागणं मागतो, बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं.

"पाऊसपानी येळेवर होऊ दे!"

"व्हय महाराजा!"

"गुराढोरांना सुख लाभू दे!"

"व्हय महाराजा!"

"गवत जोमानं वाढू दे!"

देऊळ चिडीचूप. मी एकटाच ओरडलो, "व्हय महाराजा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

गणूतात्या गुरवाला म्हणाले, "देवाला सर्वे नंबर सांग आधी! खालच्या खाचरात वाढवलंन तर सुध्या येनार काय बेनायला?"

गुरवानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि देवाला चतुःसीमा सांगितल्या.

* * *

आणि गवत आलं! श्रावणात कुंपणाच्या आत असं हिरवंगार, मऊसूत उगवलं की मी रोज दोनदा जाऊन बघत होतो. सोमवारी डॉक्टर बघायला येणार होते. रविवारी मी देवरूखला लग्नाला गेलो. तेवढीच माझी चूक.

सोमवारी डॉक्टरांना घेऊन वर चढलो. आत नुसती कुसळं उभी!

काशीकाकी कुंपणाशीच होती. खूश.

"सायेब येनार म्हनून आमी चौघींनी काल बेनून टाकलं. जुनं काय हलवलं न्हाय हां सुधाकर! मदी मदी कायतरी नवंच रुजून आलं होतं, तेवढं मुळासकट काढलं."

डॉक्टर माझ्याकडे बघेनात. मी काकीकडे बघेना.

"मग ते टाकलंत कुठे?" मी विचारलं.

"टाकतेय कशाला? भारे बांधून घरी न्हेलं. गाईला घालतेय."

त्या आठवड्यात मी काकीशी बोललो नाही. शनिवारी सकाळी केंद्रावर ती कॅन घेऊन आली. रोजचं माप भरलं, तरी कॅनमध्ये दूध उरलेलंच. टेम्पोवाला गाडीतून खाली उतरला. रांगेतल्या बायका गोळा झाल्या. गणूतात्या सगळ्यांना सारून पुढे आले, कॅनमध्ये डोकावले आणि माझ्याकडे वळले.

"सुध्या, परत कवा बेनायचंय?"