रंग दिलेला खांब

“बद्द वाजायलंय, अप्पाराव. ऐका की.” कडुबानं बास्केटबॉलच्या खांबाच्या बुडाला पुन्हा दगड ठोकला.

“वाजू द्या. कालच रंग दिलाय, टवका नका पाडू,” कॉलेजचे बडे बाबू अप्पाराव म्हणाले. “परवा तपासणीची कमिटी येऊ लागली. प्राचार्य सायबांचा हुकूम हाय, तुमच्या टीमच्या आकाशनं रिंगला लोंबकळून दाखवायचं. तुमच्या फोटोवानी.”

“ह्या खांबावर?”

“पल्याडच्या खांबाला मांडव बांधलाय. आता माझ्या दारातली बाभळ उपटून आणू का?”

कडुबा हसला नाही.

तो फोटो प्राचार्यांच्या केबिनबाहेर टांगलाय. साडेसहा फुटी कडुबा एका हातानं रिंगला लटकलेला, सगळे दात दिसायलेत. दौलताबादजवळ बापाची पेरूची बाग होती. शिडी न लावता शेंड्याचे पेरू काढणारं हे पोरगं छावणीतल्या एका हवालदारानं हेरलं, हातात चेंडू दिला. पुढं देशात पगारी खेळाडूंची लीग पहिल्यांदाच निघाली, तवा ह्या भागातून गेलेला हा एकटाच. जर्सीवरचं नाव वाचून टीममधली पंजाबी पोरं अर्थ विचारायची. तो सांगायचा, आधीची दोन भावंडं गेली, म्हणून मायनं नाव कडू ठेवलं. मरणाला गोडी लागू नये.

तीन हंगामांत लीग बुडाली, गुडघाही गेला. तवापासून नऊ वर्षं तो ह्या कॉलेजात कोच. अकरा महिन्यांची ऑर्डर, जून आला की नवी.

मडकं घेताना माय टिचकी मारून ऐकायची. तसा हा खांब कडुबाला दिवाळीतच ऐकू आला होता. बुडाशी पाणी साचून गंजानं लोखंड आतून खाल्लेलं, वरून दर कमिटीला रंगाचा नवा थर. त्यानं तीन अर्ज दिले. तिन्हींवर एकच शेरा आला: रंगकाम करून घ्यावे.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. आकाश धावत आला, उडाला. कडुबा आडवा गेला, पण पोराची बोटं रिंगला घासून गेलीच. नुसती घासली, तरी बोर्ड किती तरी वेळ हलत राहिला. बुडाशी रंगाचा पापुद्रा सुटला, आतून तांबडा भुगा गळाला.

“तुमच्यावानी जमतंय का, बघायलो होतो सर.”

“माझ्यावानी कायबी करू नको. जा, पाना आण.”

रंगाऱ्याचा लाकडी घोडा ओढून कडुबा वर चढला.

“सर, कॉलेजची मालमत्ता हाय ती,” अप्पाराव आवाज खाली आणून म्हणाले. “जूनात तुमची ऑर्डर निघायचीय.”

“निघाली तर निघाली.”

रिंगचे तीन नट सुटले. चौथा गंजून बसलेला. त्यावर पाना हाणला तसा खांब कण्हला. अप्पाराव न सांगता दहा पावलं मागं सरले, जाताना आकाशची बाही धरून त्यालाही ओढत नेलं.

रिंग खाली आली. खांब उभाच होता, पण बोर्ड चार बोटं पुढं झुकला होता. अप्पारावांचा फोन वाजला. ते नुसतं “व्हय, व्हय” म्हणाले.

“सायेब बोलवायलेत. आत्ताच्या आत्ता.”

“प्रॅक्टिस सुटल्यावर येतो म्हणावं.”

कडुबानं पोरांना मधल्या रेघेच्या पल्याड नेलं.

“जोड्या करा. छातीपासून पास. अन् त्या खांबाकडं चेंडू गेला, तर आणायला कुणी जायचं नाय.”