आठ रविवारवाल्या बाई

बाई पालकांना टेबलाशी बसू देत नसत. वर्तकनगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मुलगा किंवा मुलगी आत त्यांच्यासमोर बसे आणि आईवडील गॅलरीतल्या बाकावर. मधलं दार उघडं असे, पण गॅलरीतून बोलायची मुभा नव्हती. एखादी आई न राहवून म्हणे, "तिला पहिल्यापासून बायोलॉजीच आवडतं हो." आतून लगेच प्रश्न येई, "तिकडे तुम्ही चाललाय का?"

ठाण्यातल्या एका शाळेत बाईंनी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्या निवृत्त झाल्या तोवर त्यांचे विद्यार्थी स्वतः पालक झाले होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सुट्टीत महिनाभर परदेशी पाठवायचं, हे त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत सुरू झालं होतं. त्यात दोन वाटा होत्या. एक, तिथल्या विद्यापीठात छोटा अभ्यासक्रम करायचा. दुसरी, एखाद्या गरीब देशात जाऊन स्वयंसेवक म्हणून काम करायचं. दोन्हींची चकचकीत माहितीपत्रकं घेऊन लोक बाईंकडे येत. या कामाचं शिक्षण बाईंनी कुठे घेतलेलं नव्हतं. त्या फक्त नीट वाचत आणि नीट विचारत.

अभ्यासाचं पत्रक असेल तर त्या दिवसाचं वेळापत्रक मागत. ताप आला तर कोणाचं दार वाजवायचं, त्या माणसाचं नाव मागत. नाव मिळालं नाही तर पत्रक परत. स्वयंसेवेचं पत्रक असेल तर पेन्सिल पुढे करून म्हणत, "या फोटोत ज्यांची नावं खाली छापली आहेत, त्यांच्याभोवती गोल कर." गोल नेहमी बाहेरून आलेल्या मुलांभोवती पडत. त्यांच्या मांडीवर बसलेल्या लहान पोरांची नावं कुठेच नसत. "आता सांग," बाई म्हणत, "हा फोटो कोणाचा आहे?"

घोडबंदरकडचे एक गृहस्थ एकदा मुलाला घेऊन आले. वडिलोपार्जित शेतीवर टॉवर उभे राहिलेले, बोलणं मात्र घरचं. गॅलरीत बसायला त्यांनी सरळ नकार दिला आणि दारातच उभे राहिले. "बाय, पोरगा दोन आठवडं पोरांना शिकवल, फोटू येतील, कालेजात जागा भेटल. यात वायट काय हाय?"

"वाईट काही नाही. त्या पोरांना काय भेटेल?"

"ते मना काय ठाव?" ते मोकळेपणाने हसले. बाईही हसल्या. मुलाला मात्र त्यांनी आंबिवलीचा पत्ता लिहून दिला.

त्यांना 'आठ रविवारवाल्या बाई' म्हणत, ते या पत्त्यामुळे. ज्याला परदेशात जाऊन मुलांना शिकवायचं असेल, त्याने आधी आंबिवलीला आठ रविवार शिकवायचं. तिथे बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत मंगलताई अभ्यासिका चालवत. मंगलताई बाईंच्याच विद्यार्थिनी. लग्न होऊन आंबिवलीला गेलेल्या, आठवड्याचे सहा दिवस वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामावर, सातवा दिवस वस्तीतल्या मुलांचा. बाईंच्या अटी दोनच होत्या. फोटो काढायचे नाहीत आणि एकही रविवार चुकवायचा नाही. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या रविवारी गळत आणि मुकाट्याने अभ्यासाचा फॉर्म भरत. जे टिकत, त्यांच्या स्वयंसेवेच्या अर्जाला बाई शिफारसपत्र देत. ही चाळणी त्यांना बिनचूक वाटत होती. आम्हा पालकांनाही.

माझी मुलगी ऋतुजा अकरावीत असताना दोन फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेली. एक युरोपातल्या विद्यापीठाचा, जीवशास्त्राच्या चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा. दुसरा आग्नेय आशियातल्या एका बालगृहाचा. तिच्या आईला पहिला हवा होता, तिला दुसरा. बाई म्हणतील ते करायचं, असं घरात ठरलं.

ऋतुजा आठही रविवार गेली. समृद्धी नावाची नऊ वर्षांची मुलगी तिच्या वाट्याला आली. तिला अक्षरं येत होती, पण ओळ वाचताना ती दुसऱ्या शब्दावर थांबे आणि पुस्तक मिटून टाके. सहाव्या रविवारी तिने एक पान सलग वाचलं. ऋतुजा घरी येऊन जेवायच्या आधी तेच सांगत होती.

नवव्या रविवारी संध्याकाळी बाईंनी शिफारसपत्रावर सही केली. त्या दिवशी मीही गॅलरीत होतो. पत्र पाकिटात घालून होतं न होतं तोच मंगलताई आल्या. त्या पूर्वी कधी असं न कळवता आल्या नव्हत्या.

"बाई, एक बोलू? रागवू नका."

"बस आधी."

"नाही, उभीच बरी. ती समृद्धी आज पायरीवर बसून राहिली. दुसरं कोणी वाचायला बसवलं तर बसेना. म्हणते, दीदी आली की वाचेन. तिला काय सांगू?"

"सांग की दीदीचं काम संपलं."

"दर वर्षी हेच सांगते, बाई. तुम्ही पोरं पाठवता, आठ रविवार येतात, चांगली असतात. म्हणूनच जास्त लागतं. वाईट असती तर आमच्या पोरांनी नवव्या रविवारी वाट कशाला बघितली असती? तुमच्या पोरांची परीक्षा होते, पण पेपर आमची पोरं आहेत ना."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार? तुम्ही बाई होतात."

नंतर मंगलताईंनी जो प्रश्न विचारला, त्यात कसलाही टोमणा नव्हता. "आमच्यातल्या किती पोरांची नावं माहीत आहेत तुम्हाला?"

बाईंना एकही नाव सांगता आलं नाही. आत्ताच ऐकलेलं समृद्धीचं नावही त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. आंबिवलीला त्या स्वतः कधी गेल्याच नव्हत्या.

मंगलताई गेल्यावर बाईंनी पाकीट ऋतुजाकडे सरकवलं. "सही केली आहे, ती परत घेत नाही. पण माझ्या सहीवर विसंबू नकोस. तू ठरव."

ऋतुजा चिडली. "असं कसं, बाई? उद्या शेवटची तारीख आहे. तुम्ही म्हणालात म्हणून तर मी गेलेले ना आठ रविवार!"

"हो."

"मग आता मी काय करू?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

ऋतुजाने दुसऱ्या दिवशी अभ्यासाचा फॉर्म पाठवला. महिना झाला, ती परत आली, प्रमाणपत्र आलं. आंबिवलीचा विषय तिने घरात काढला नाही आणि पुन्हा तिथे गेलीही नाही. विचारलं तर म्हणे, "कुठल्या तोंडाने जाऊ?"

बाईंनी मुलांना सल्ला देणं बंद केलं. कोणी आलंच तर दारातूनच सांगत, "मी आता ते करत नाही." रविवारी सकाळी त्या रिक्षाने स्टेशनला जात आणि आंबिवली गाठत. पहिल्या दिवशी समृद्धीने त्यांना विचारलं, "तुम्ही किती रविवार?" बाई म्हणाल्या, जमतील तितके. समृद्धी त्यांच्याजवळ वाचायला बसली नाही. ती चौथ्या महिन्यात बसली. हे मला मंगलताईंनी सांगितलं. बाईंनी मंगलताईंच्या हाताखाली काम केलं, त्यांनी नेमून दिलेला धडा घेतला, कधी मोठ्याने बोलल्या तर मंगलताई नुसतं बघत आणि बाई आवाज खाली आणत.

वर्षभराने बाई घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलाने त्यांना कायमचं नागपूरला न्यायचं ठरवलं. त्याआधी एकदा आंबिवलीला जायचंय, असा त्यांचा निरोप आला. रविवारी मी गाडी काढली. ऋतुजा येते म्हणाली, याचं मला आश्चर्य वाटलं.

बाईंना उतरता येत नव्हतं. मुलं गाडीभोवती जमली. बाईंनी फिरवून फिरवून न सांगता थेट सांगितलं, "मी आता येणार नाही. पाय मोडलाय आणि मुलगा नागपूरला राहतो." काही मुलं रडली. समृद्धी रडली नाही. ती मागच्या काचेतून आत बघत होती.

"बाई, ही दीदी पण जाणार का?"

"तिलाच विचार. पण ऋतुजा, तिला खरं सांग."

ऋतुजाने काच खाली केली. मग म्हणाली, "आजचा धरून दोन रविवार. नंतर माझी प्रवेश परीक्षा आहे. त्यानंतरचं मला खरंच माहीत नाही."

समृद्धीने थोडा विचार केला. "दोनच? मग उतर ना. बसून काय राहिलीस?"

बाई नागपूरला निघाल्या त्या पुढच्याच रविवारी. कॉलनीतले वीस-पंचवीस जण खाली उभे होते. गाडीत बसवल्यावर बाईंनी सगळीकडे नजर फिरवली आणि मला विचारलं, "ऋतुजा दिसत नाही?"

"आंबिवलीला गेली आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मुलाला गाडी काढायला सांगितली.