पहिलं पान मोठ्यानं वाचायचं

नायजेरियातल्या कानो शहराच्या ग्वम्माजा भागात कुणा बाईला आपली कादंबरी फोनवर आणायची असली, की वह्यांचा गठ्ठा शफातूकडेच येतो. वह्या टाईप करणं, खाडाखोड निस्तरणं, प्रकरणं पाडणं, मुखपृष्ठ काढणं, सगळं ती एकटी करते. आपल्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं ती स्वतःच सांगते, आणि त्यात फारशी बढाई नाही.

तिचा एक नियम आहे. पुस्तक लोकांच्या फोनवर सोडण्याआधी लेखिकेनं समोर बसून पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. पुस्तकाचं नाव, आपलं नाव, मुखपृष्ठ कुणाचं, सगळं. एकदा एका बाईंच्या नावापुढे त्यांच्या आधीच्या नवऱ्याचं नाव राहून गेलं आणि पुस्तक दोन दिवस गावभर फिरलं. नव्या नवऱ्यानं दारात येऊन जो तमाशा केला, त्यानंतर या नियमातून कुणाचीच सुटका नाही.

मग तिची आईच अकरा वह्या घेऊन आली. तलातूबाईंनी तीस वर्षं दाराशी बसून कोसई, म्हणजे चवळीची भजी, तळली, आणि घाणा निघेपर्यंत मांडीवर वही ठेवून चघळायची कोलाफळं विकणाऱ्या एका विधवेची गोष्ट लिहिली. शफातूनं मुखपृष्ठावर ती बाई पाठमोरी काढली, डोक्यावर टोपली घेतलेली. चेहरा का नाही, यावरून मायलेकींची दोन दिवस जुंपली. चेहरा वाचणारीनं आपला घालावा, असं शफातूनं ठणकावून सांगितलं आणि आईचं तोंड बंद केलं.

घोडं अडलं ते पहिल्या पानावर. वहीत आईनं सगळ्यांची नावं लिहिली होती, अगदी पेन देणाऱ्या शेजारणीचंसुद्धा. मुखपृष्ठासमोर मात्र नुसती रेघ होती. आमच्याकडे आई थोरल्या लेकराचं नाव तोंडानं घेत नाही, आणि शफातू थोरली. धाकट्या भावांच्या नावानं आईनं गल्ली दणाणून सोडली, हिला मात्र छत्तीस वर्षं "अगं", "ए", नाहीतर "ही". त्याचं काही वाटत नाही, असं शफातू म्हणायची. वाटायचं. आपलं नाव आईच्या आवाजात कसं वाटतं, ते तिला एकदा तरी ऐकायचं होतं. रेघेच्या जागी तिनं गुपचूप आपलं नाव टाईप केलं.

धाकट्या मुदस्सिरनं ते पाहिलं. "उम्माला कशाला पेचात टाकतेस, ताई? तिला सोड की."

"नियम म्हणजे नियम. वाचल्याशिवाय एकही पुस्तक इथून बाहेर गेलेलं नाही."

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर तलातूबाई चष्मा लावून संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. "टोपली माझी," त्यांनी पुस्तकाचं नाव खणखणीत आवाजात वाचलं. मग स्वतःचं नाव वाचलं, शेजारणीचं वाचलं. "मुखपृष्ठ," म्हणाल्या आणि थांबल्या. बोट त्या नावाखाली टेकलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. शफातूला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

"इथं चूक आहे," आई म्हणाली.

शफातूचा हात नाव खोडायला पुढे झाला. "काढून टाकते, उम्मा."

"काढतेस काय? अक्षर बारीक आहे. माझ्या नावाएवढं कर."

शफातूनं अक्षर वाढवलं. आईनं मान हलवली, अजून मोठं. तिनं अजून वाढवलं.

"आता बरोबर," आई म्हणाली आणि चष्मा काढून ओढणीनं पुसत बसली. "तुझ्या आजीला दुसरंच नाव हवं होतं. सातव्या दिवशीच्या बारशापर्यंत भांडले मी तिच्याशी, हेच ठेवायचं म्हणून."

शफातूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. पहिलं पान पुरतं वाचून झालं नव्हतं. तिनं पुस्तक तसंच लोकांच्या फोनवर सोडलं.